‘पुसू नये’ लिहिलेली कॅसेट

पत्र: बाबा कराडच्या एस. टी. डेपोत कारकून होते. दीड वर्षापूर्वी गेले. आता घर विकायला काढलंय, आई (वय ७६) माझ्याकडे ठाण्याला आलीय. माळा रिकामा करताना १६३ कॅसेट निघाल्या. बाबा रोज संध्याकाळी टू-इन-वनजवळ बसून रेडिओवरचं टेप करायचे. टीव्ही आल्यावर टीव्हीसमोर टेप धरून गुरुवारचं छायागीतसुद्धा टेप करायचे. भाऊ म्हणतो, सगळं यूट्यूबवर आहे, भंगारात दे. मला देववत नाही. एका कॅसेटवर नुसतं ‘घर. पुसू नये.’ एवढंच लिहिलंय, ती लावायची हिंमत होत नाही. आणि दुसरं, मी स्वतःच आता एक गाणं धड शेवटपर्यंत ऐकत नाही. मुलगा (वय १४) तर कानात ती बोंडं घालून नुसती अर्धीमुर्धी गाणी ऐकतो. मग हा पसारा ठेवायचा कोणासाठी?
– एक वाचक, ठाणे

ताई,

आधी तुमच्या भावाची बाजू घेतो, रागावू नका. १६३ पैकी शंभराच्या वर कॅसेटवर तीच गाणी असणार जी आज फोनवर बोट टेकलं की वाजतात, आणि तीही खरखर नसलेली. बाबांच्या हातात तेव्हा आजचा फोन असता तर त्यांनी एकही कोरी कॅसेट विकत आणली नसती. रेडिओवर आवडतं गाणं लागलं आणि हुकलं की पुन्हा कधी लागेल याचा नेम नव्हता, म्हणून बटणावर बोट ठेवून बसायचं. मीही बसलोय. माझ्या निम्म्या कॅसेटवर मुखड्याच्या पहिल्या दोन शब्दांवर निवेदिकाबाई चढलेल्या आहेत आणि शेवटच्या कडव्यात बॅटरी उतरलेली आहे. त्या मी टाकल्या. वाईट वाटलं, पण दोन दिवसच.

मात्र ‘सगळं यूट्यूबवर आहे’ हे वाक्य भावाला मागे घ्यायला लावा. आपल्या घरातलंच उदाहरण देतो. गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी. त्या मूळ प्रसारणात गीतं वेगवेगळ्या गायकांनी गायली होती. माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे होते, लता मंगेशकर होत्या. तुमच्याआमच्या कानात मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत बाबूजींचाच, म्हणजे सुधीर फडक्यांचाच आवाज बसलाय, कारण घरोघरी पोचल्या त्या नंतरच्या, त्यांच्या एकट्याच्या आवाजातल्या ध्वनिमुद्रिका. शब्द तेच, चाली त्याच, पण रेडिओवर लागलं ते एक आणि बाजारात आलं ते दुसरं. फोनवर शोधलं की समोर येतं ते बहुतेक वेळा बाजारात आलेलं. सांगली आकाशवाणीवर एखाद्या संध्याकाळी कोणी कीर्तन केलं, कोणी कविता वाचल्या, कोणा शेतकऱ्याची मुलाखत झाली, हे बाजारात कधी आलंच नाही.

लंडनच्या बीबीसीचा किस्सा तर ऐकण्यासारखा आहे. साठ-सत्तरच्या दशकांत तिथे टेप महाग म्हणून जुने कार्यक्रम पुसून त्यावर नवे घेत. ‘डॉक्टर हू’ या गाजलेल्या विज्ञानकथा-मालिकेच्या डझनावारी भागांची चित्रं त्यात कायमची गेली. पण गेलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे. तो कोणी ठेवला? घरात टीव्हीजवळ टेपरेकॉर्डर ठेवून बसलेल्या प्रेक्षकांनी. म्हणजे छायागीतासमोर टेप धरणारे तुमचे बाबा काही एकटेच तऱ्हेवाईक नव्हते.

आता एक बारीक तांत्रिक गोष्ट सांगतो, माझा सगळा सल्ला तिच्यावर उभा आहे. टू-इन-वनमध्ये रेडिओवरचं टेप केलं की आवाज आतल्या आतच, तारेतून टेपवर जातो. बाहेर खोलीत भांडण झालं तरी त्यात येत नाही. टीव्हीचं तसं नव्हतं. टीव्ही वेगळा, टेप वेगळा. तिथे आवाज घेतला तो टेपच्या अंगात बसवलेल्या त्या टिचभर माइकने. आणि माइकला छायागीत कोणतं आणि कुकरची शिट्टी कोणती हे कळत नाही. तेव्हा रेडिओच्या स्वच्छ कॅसेटवर फक्त गाणी आहेत, आणि छायागीताच्या रद्दी कॅसेटवर तुमचं कराडचं घर आहे. दार वाजलेलं, आईंच्या बांगड्या, ‘अगं हळू, टेप चालू आहे’ असं दबक्या आवाजात ओरडलेले बाबा, कदाचित मध्येच तोंड घालणाऱ्या सात वर्षांच्या तुम्ही. भाऊ सर्वांत आधी फेकायला निघेल त्या याच कॅसेट. त्यातलं गाणं तर ओळखूही येत नाही म्हणेल. नसू दे. गाणं यूट्यूबवर आहे.

म्हणून वाटणी अशी करा. सिनेमाच्या गाण्यांच्या रेडिओवरून घेतलेल्या कॅसेट काढा, त्यांच्या दोन्ही बाजूंच्या चिठ्ठ्यांचे फोनवर नीट फोटो घ्या आणि त्यांना निरोप द्या. फोटो अशासाठी की बाबांनी कोणत्या गाण्यामागे कोणतं घेतलं हा क्रम त्यांचा होता, तो कुठेच मिळणार नाही. फोनवर त्याच क्रमाने यादी लावता येते. दुसऱ्या ढिगात स्थानिक आकाशवाणीवरचं बोलणं, कीर्तन, श्रुतिका, गावातल्या गणेशोत्सवातलं गाणंबिणं असं. तिसऱ्यात जिथे माइक उघडा होता ते सगळं. दुसरा आणि तिसरा ढीग मिळून चाळीसच्या वर जायचा नाही असा माझा अंदाज आहे.

सरसकट १६३ करायला घेऊ नका. एक साधी कॅसेट ९० मिनिटांची धरली तर २४४ तास होतात, आणि कॅसेट जेवढ्या वेळाची तेवढाच वेळ ती भरून घ्यायला लागतो, घाई चालत नाही. रोज एक तास म्हटलं तरी आठ महिने. असं काम हौसेने सुरू होतं आणि गणपतीत बंद पडतं.

ही वाटणी करताना आईंना शेजारी बसवा. मदतीला नको, माहितीला. चिठ्ठीवर ‘वसंताकडची बैठक’ लिहिलं असेल तर कोणता वसंता, कोणतं साल, तबल्यावर कोण, हे आता त्यांच्याशिवाय कोणाला माहीत आहे? पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आज त्या ‘परी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकता-वाचता येतात. त्या संग्रहात ओवीइतकीच मला महत्त्वाची वाटते ती ओवीसोबतची नोंद. गाणारी बाई कोण, गाव कोणतं, तालुका कोणता. ती नसती तर नुसता एक गोड आवाज उरला असता. तुम्हीही प्रत्येक कॅसेटसाठी वहीत चार ओळी लिहा. आईंना आठवणार नाही तिथे ‘आठवत नाही’ असं लिहा.

आता यंत्राचं. बाबांचा टू-इन-वन विकला तर नाही ना? नसेल तर जपा. कॅसेट वाचणारं जे हेड असतं ते प्रत्येक यंत्रात केसभर वेगळ्या कोनात बसलेलं असतं. ज्या यंत्रावर कॅसेट भरली त्याच यंत्रावर ती सर्वांत स्वच्छ वाजते. दुसऱ्यावर आवाज गोधडीतून आल्यासारखा दबका येतो. हेडशेजारी एक छोटा स्क्रू असतो, तो जाणकार माणसाने कानाने ऐकत फिरवला तर सुधारतो. बेल्ट मात्र नक्की बदलावा लागेल, इतक्या वर्षांत तो सैल नाहीतर डिंकासारखा चिकट झालेला असतो. तुम्हाला लॅमिंग्टन रोड जवळ. ग्रँट रोडला उतरून दोन-चार दुकानांत विचारा, नाही तर जुना टेप दुरुस्त करणारा कोणी ठाण्यातही मिळेल. पुण्याचे वाचक पासोड्या विठोबाच्या आसपास चौकशी करतील. ऑनलाइन मिळणारे ते लॅपटॉपला जोडायचे स्वस्त प्लेअर घेऊ नका. मी घेतला होता. मोटर एका गतीने फिरत नाही, भैरवी ऐकताना गायकाला हिंदोळ्यावर बसवल्यासारखं वाटतं.

कॅसेट लावण्याआधी ती उजेडात धरून खिडकीतून बघा. आतल्या रिळावर पांढरी भुकटी किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी. ती कॅसेट यंत्रात घालूच नका, हेडला लागून पुढच्या सगळ्यांना लागते. वेगळ्या पिशवीत ठेवा, शेवटी बघू. मधल्या फटीत एक पितळी पट्टी आणि तिच्यावर नखाएवढा नमद्याचा तुकडा असतो. तो गळून पडला असेल तर आवाज जवळजवळ येत नाही आणि लोक समजतात टेप गेली. टेप गेलेली नसते. दुसऱ्या एखाद्या फालतू कॅसेटमधला तुकडा, नाही तर टेपच दुसऱ्या डबीत घालून घेता येते, फक्त डबी स्क्रूवाली हवी. रीळ सैल असेल तर नटराजची पेन्सिल घालून घट्ट करा, हे तुम्हाला सांगायला नको. मग एकदा पुढे आणि एकदा मागे पळवून घ्या. पाचसहा कॅसेट झाल्या की आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस बुडवून हेड आणि रबरी रोलर पुसा. कापूस तपकिरी होतो. तो तपकिरी रंग म्हणजे टेपवरून निघालेला लेप, त्यात थोडं गाणंही असतं.

आणि सर्वांत आधी कॅसेटच्या पाठीवरच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या प्लास्टिकच्या कवळ्या मोडा. त्या मोडल्या की रेकॉर्डचं बटण दाबलं जात नाही, चुकून काही पुसलं जात नाही.

टू-इन-वनच्या इअरफोनच्या सॉकेटमधून एक वायर काढून लॅपटॉपला जोडायची. आजच्या बऱ्याच लॅपटॉपना आवाज आत घ्यायची वेगळी सोय नसते, त्यामुळे लाइन-इन असलेलं छोटं यूएसबी साउंड कार्ड लागेल. ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते पुरतं. फाइल ‘वेव्ह’ स्वरूपात ठेवा. सीडीच्या दर्जाने घेतलं तर ९० मिनिटांची कॅसेट साधारण ९५० एमबी होते, चाळीस कॅसेटचे ३८ जीबी. ६४ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये मावतात. एमपीथ्री करा ती नातेवाइकांना पाठवायला, मूळ म्हणून नको.

आणि तिथे ‘आवाज स्वच्छ करा’ असं बटण असतं. त्याला मूळ फाइलवर हात लावू देऊ नका. हे मी का सांगतोय ते सांगतो. माझी मावशी जात्यावर गायची. १९९१ साली तिच्या गावी जाऊन मी अर्धा तास तिचं दळण टेप केलं. २००५मध्ये एका दुकानात ते सीडीवर करून घेतलं. दुकानदाराने मन लावून काम केलं, अगदी झकास. मागची घरघर संपूर्ण काढून टाकली. घरी येऊन सीडी लावली तर मावशी हवेत गात होती. जातं गेलं होतं! त्याला जात्याचा आवाज म्हणजे यंत्रातली खरखर वाटली. मी हसलो, म्हटलं कॅसेट आहेच. मग घर बदललं, ‘सीडी आहेच’ म्हणून कॅसेट टाकली. आणि २०१६मध्ये सीडी लावली तर यंत्र नुसतं फिरतंय, वाचत नाहीये. घरी भरलेल्या त्या सीड्या दहा-बारा वर्षांत अशा मरतात हे तोवर मला कोणी सांगितलं नव्हतं. आता मावसभावाच्या जुन्या फोनच्या कार्डवर चार मिनिटं उरली आहेत, तीही जात्याविना.

म्हणून फाइल झाली तरी तिसऱ्या ढिगातल्या कॅसेट टाकू नका, एका बुटाच्या खोक्यात मावतील, कोरड्या जागी उभ्या ठेवा. फाइलच्या दोन प्रती करा, आणि दुसरी प्रत भावाच्या घरी. भंगारात दे म्हणणाऱ्याच्याच कपाटात. घरच्यासाठी प्रत करायला कायद्याची आडकाठी नाही. पण त्यावरची सिनेमाची गाणी तुमच्या नावाने यूट्यूबवर चढवायला जाऊ नका. त्यातली बरीच अजून कंपन्यांची आहेत आणि तिथली यंत्रणा पहिल्या काही सेकंदांत ओळखते.

आता तुमच्या दुसऱ्या दुखण्याकडे येतो. अर्धी गाणी. इथे मी तुम्हाला फारसा धीर देणार नाही, कारण मला तो आजार वाटतच नाही. १९५२च्या सुमारास नभोवाणी खातं बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांकडे आलं. आपलेच मराठी गृहस्थ, शास्त्रीय संगीताचे कट्टर. सिनेमाच्या गाण्यांनी कान बिघडतात म्हणून त्यांनी ती आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केली. लोकांनी काय केलं? काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती सुरू करावी लागली. जी गाणी तेव्हा कान बिघडवत होती तीच तुमच्या माळ्यावर बाबांनी जीव लावून जपलेली आहेत. चिरंजीवांच्या कानातली बोंडं ओढून काढायच्या आधी हे आठवा.

तुमचं स्वतःचं म्हणाल तर गाणं बदलण्याचा खर्च शून्य झालाय एवढंच. कॅसेट पुढे पळवायची तर बॅटरी जायची, अंदाज चुकायचा, पुढच्या गाण्याच्या मधोमध जाऊन पडायचो. त्यापेक्षा न आवडलेलं ऐकून घेतलेलं परवडायचं. आपण तेव्हा काही मोठे रसिक नव्हतो, आळशी होतो. हे कॅसेटचं काम करताना आठवड्यात दोनतीन वेळा ९० मिनिटं तुम्हाला पुढे पळवता येणार नाही, कारण पळवलं तर फाइल बिघडेल. बघा काय होतं ते. नाहीच जमलं तर भाजी निवडत ऐका, बाबाही तसंच काहीतरी करत ऐकत असणार.

मुलाला आजोबांच्या आठवणींवर प्रवचन नको. त्याला लॅपटॉपपुढे बसवा. ऑडॅसिटीत आवाज डोळ्यांना दिसतो, निळ्या डोंगररांगेसारखा. गाणं सुरू व्हायच्या आधी सपाट रेषेवर कुठेतरी एक बारका उंचवटा येतो. तो विचारेल, हे काय आहे? मोठं करून ऐकलं की कळतं, कोणीतरी खोकलंय. मग तो आजीला बोलावून आणील. कोण खोकतंय हे तिला विचारायला.

राहिली ‘घर. पुसू नये.’ ही कॅसेट. ती पहिली लावू नका. आधी दहाबारा फालतू कॅसेटवर यंत्राचा आणि तुमच्या हातांचा सराव होऊ द्या. जुनी टेप कधीकधी शेवटचंच एकदा नीट वाजते, म्हणून ‘आधी ऐकून तर बघू’ हा मोह टाळा. पहिल्यांदा वाजेल तेव्हाच लॅपटॉपवर भरणं चालू असलं पाहिजे. हिंमतीचं म्हणाल तर ती मी पत्रातून देऊ शकत नाही. ऐकणं आणि भरणं एकाच वेळी करायची सक्ती नाही एवढं मात्र सांगतो. आवाज पूर्ण बंद करून नुसती डोंगररांग सरकताना बघत बसलात तरी फाइल तयार होते. ती वर्षभराने ऐका, आई असताना ऐका.

कॅसेट हातात घ्याल तेव्हा पाठीवरच्या कवळ्या बघा. ‘पुसू नये’ लिहिणाऱ्या माणसाने त्या बहुधा स्वतःच मोडलेल्या असतील. पण कधीकधी एकच मोडलेली असते, आणि दुसऱ्या बाजूची शाबूत. तसं असेल तर दुसरी बाजूही शेवटपर्यंत भरून घ्या, चिठ्ठीवर काही लिहिलेलं नसलं तरी. त्या घरात टेपचं लाल बटण दाबता येणारी दोन लहान पोरं होती. त्या बाजूला तुम्ही दोघांनी काय करून ठेवलंय ते बाबांना माहीतही नसेल.

तुमचा,
सदरलेखक

ता. क. हे पत्र भावालाही वाचायला द्या. कवळ्या न मोडणारा कोण होता हे त्यालाच ठाऊक असणार.